हजेरीपटावरचा डेव्हिड क्रॉकेट

टेनेसी राज्याच्या पूर्व भागात, जेफर्सन काउंटीच्या कचेरीत, २१ ऑक्टोबर १८०५ या तारखेचा एक विवाहपरवाना आहे. काउंटी म्हणजे तिकडचा, साधारण आपल्या तालुक्यासारखा, महसुलाचा व न्यायाचा विभाग. आणि त्या काळी वराने कचेरीत जाऊन परवाना घेतल्यावाचून सहसा लग्न लागत नसे. या परवान्यावर वराचे नाव डेव्हिड क्रॉकेट असे आहे आणि वधूचे मार्गारेट एल्डर. हे लग्न झालेच नाही. परवाना घेऊन नवरदेव वधूच्या गावी निघाला असता वाटेत तिच्या बहिणीने त्याला सांगितले की, ती उद्या दुसऱ्याच एकाशी लग्न करणार आहे. पुढे एकोणतीस वर्षांनी, कीर्ती कळसाला पोहोचली असताना, क्रॉकेटने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्यात हा प्रसंग मोकळ्या मनाने सांगितला. परंतु त्या मुलीचे नाव मात्र त्याने लिहिले नाही. ते आज आपल्याला ठाऊक आहे ते केवळ कचेरीतल्या त्या कागदामुळे. हा कागद मध्यंतरी कचेरीच्या दफ्तरातून बाहेर पडून खाजगी हातांत गेला होता आणि तो परत मिळविण्यासाठी काउंटीला न्यायालयात दावा लावावा लागला. एका मोडलेल्या लग्नाच्या परवान्यासाठी सरकारने दावा लावावा, हे मला मोठे शहाणपणाचे कृत्य वाटते.

डेव्हिड क्रॉकेट हे नाव अमेरिकेत पोराटोरांच्या तोंडी आहे. रॅकून नावाच्या प्राण्याच्या कातड्याची शेपटीवाली टोपी घातलेला, अस्वले लोळविणारा वीर म्हणून १८३१ च्या एका नाटकाने, १८३५ पासून निघू लागलेल्या स्वस्त पंचांगवजा चोपड्यांनी आणि, टेक्सासातील अलामो गढीच्या तटावर अखेरपर्यंत लढून पडलेला म्हणून, १९५४-५५ मध्ये डिस्नेच्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला घरोघर पोहोचविले. परंतु या प्रकरणात मला त्या वीराची कथा सांगावयाची नाही. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅपलाचियन पर्वत ओलांडून पश्चिमेकडच्या अरण्यात गेलेल्या, चार ठिकाणी जमीन फोडून चारही ठिकाणे सोडलेल्या, मध्येच बंदूक घेऊन तीन महिने लष्करात गेलेल्या आणि कर्ज, ताप व पोरवडा यांच्याशी झगडत आयुष्य काढलेल्या हजारो माणसांतला एक म्हणूनच त्याच्याकडे पाहावयाचे आहे. अशा पूर्वजाचा माग आज अमेरिकेतली असंख्य कुटुंबे काढीत असतात, आणि तो कसा काढावयाचा हे शिकण्यास क्रॉकेटइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. कारण त्याच्या बाबतीत बखरही उपलब्ध आहे आणि अस्सल कागदही, आणि या दोहोंत किती अंतर पडते हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको.

शोधाची पहिली अडचण जन्मस्थळापाशीच येते. क्रॉकेटचा जन्म १७ ऑगस्ट १७८६ रोजी आजच्या टेनेसीच्या ग्रीन काउंटीत, लाइमस्टोन ओढ्याच्या काठी झाला; परंतु त्या दिवशी टेनेसी नावाचे राज्यच अस्तित्वात नव्हते. ते जन्माला आले १७९६ मध्ये. तो मुलूख कायद्याने उत्तर कॅरोलायनाचा होता, आणि तेथल्या रहिवाशांनी मात्र ‘फ्रँकलिन’ या नावाचे स्वतःचे वेगळे राज्य पुकारले होते, ज्याला संघराज्याने कधीच मान्यता दिली नाही आणि जे चारेक वर्षांत विरून गेले. म्हणजे एका जागच्या एका माणसाच्या आयुष्यात अंमल तीनदा पालटला. पुढे काउंट्याही फुटत गेल्या: तो ज्या लॉरेन्स काउंटीत न्यायाधिकारी झाला ती १८१७ ची आणि जेथून तो शेवटी टेक्सासला निघाला ती गिब्सन काउंटी १८२३ ची. नवी काउंटी झाली तरी जुने दस्तऐवज जुन्याच काउंटीच्या दफ्तरात राहतात. म्हणून पूर्वजाचा शोध घेणाऱ्याने आधी गावाचे नाव न विचारता त्या वर्षी त्या गावावर अंमल कोणाचा होता हे विचारावे, अन्यथा तो भलत्याच कपाटाची दारे ठोठावीत बसेल.

घराण्याची कहाणी सरहद्दीवरच्या अनेक घराण्यांसारखी रक्ताने सुरू होते. डेव्हिडचे आजोबा व आजी १७७७ मध्ये, आज जेथे रॉजर्सव्हिल हे गाव आहे तेथे, आपल्या झोपडीत मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. जेम्स नावाचा त्याचा एक मुका व बहिरा चुलता त्या हल्ल्यात पकडला गेला आणि सतराएक वर्षे त्यांच्यातच राहिला. या झोपड्या ज्या भूमीवर उभ्या राहत होत्या तिच्यावर चेरोकी जमातीचा हक्क होता, ही दुसरी बाजू त्या घरी सांगितल्या जाणाऱ्या कथेत कदाचित कधी आली नसेल. परंतु आपण ती ध्यानात ठेविली पाहिजे.

बाप जॉन क्रॉकेट हा स्वातंत्र्ययुद्धात किंग्ज माउंटनच्या लढाईत लढलेला. पण संसारात सदा कर्जबाजारी. त्याच्या कर्जाचा एक प्रसंग आत्मचरित्रात आहे आणि मला तो पुस्तकातील सर्व अस्वलांपेक्षा मोलाचा वाटतो. घरातून पळून जाऊन दोन-अडीच वर्षे भटकून परत आलेल्या किशोर डेव्हिडला बापाने सांगितले की, अमुक इसमाचे माझ्याकडे छत्तीस डॉलर येणे आहे. तू त्याच्याकडे सहा महिने राबून ते फेडलेस तर तू मोकळा. मुलगा राबला, रोखा हाती घेऊन आला. मग तो एका क्वेकर पंथाच्या शेतकऱ्याकडे कामाला लागला, तर त्याच्याजवळही बापाचा चाळीस डॉलरांचा रोखा निघाला. कोणी सांगितले नसता मुलाने आणखी सहा महिने अंग मोडून काम केले, तो रोखा घेतला आणि एका संध्याकाळी घरी जाऊन बापापुढे धरला. बापाला वाटले, सावकाराने वसुलीसाठी धाडला. ‘माझ्याजवळ द्यावयास काही नाही’ असे तो खिन्नपणे म्हणाला. रोखा फिटला आहे आणि तो मुलाने फेडला आहे हे कळताच त्या राकट माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. डेव्हिड पुढे स्वतः आयुष्यभर कर्जात राहिला, त्याच्या गिरण्या पुरात वाहून गेल्या, आणि सरहद्दीवरच्या गरिबाला जमिनीचा पक्का हक्क मिळावा या एकाच गोष्टीसाठी तो काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत, भांडत राहिला. त्याचे बीज मला या छत्तीस आणि चाळीस डॉलरांत दिसते.

ऑगस्ट १८०६ मध्ये त्याने पॉली फिन्ले हिच्याशी लग्न केले आणि काही वर्षांनी बिऱ्हाड मध्य टेनेसीत हलविले. तेथे असताना तो शिपाई झाला. ३० ऑगस्ट १८१३ रोजी आजच्या अलाबामातील फोर्ट मिम्स या लाकडी गढीवर क्रीक जमातीतील ‘रेड स्टिक’ नावाच्या पक्षाने हल्ला करून आतल्या शेकडो माणसांची कत्तल केली. क्रीकांमध्ये तेव्हा आपसांतच यादवी माजली होती. गोऱ्यांच्या चालीरीती स्वीकारणारे आणि त्यांना कडवा विरोध करणारे असे दोन तट पडले होते, आणि जुलैमध्ये गोऱ्या स्वयंसेवकांनी रेड स्टिकांच्या एका तांड्यावर छापा घातला होता, त्याचा हा सूड होता. बातमी टेनेसीत पोहोचताच विंचेस्टर येथे स्वयंसेवकांची भरती सुरू झाली. पॉलीने रडून विनवले की परक्या मुलखात मी एकटी लहान मुलांना घेऊन कशी राहू. तरी तो गेला.

येथपासून आपल्या हाती हजेरीपट येतो. पलटणीतील प्रत्येक तुकडीचा हजेरीपट आणि पगारपत्रक ठेवण्याची पद्धत होती. त्यात नाव, हुद्दा, दाखल झाल्याची व मुक्त झाल्याची तारीख, घोड्याबद्दलचा भत्ता, एवढे असे. या कागदांच्या नशिबी फार हाल आले. १८०० च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या युद्धखात्याला आग लागून आधीचे बहुतेक दफ्तर खाक झाले, आणि १८१४ मध्ये ब्रिटिशांनी राजधानी जाळली तेव्हा पुन्हा नुकसान झाले. उरलेले पट सतत हाताळून फाटू लागले, तेव्हा १८८६ पासून फ्रेड एन्सवर्थ नावाच्या लष्करी अंमलदाराने प्रत्येक शिपायाच्या नावाचे स्वतंत्र कार्ड करून त्यावर पटातील नोंदी उतरवून घेण्याची पद्धत सुरू केली. निवृत्तिवेतनाचे अर्ज झटपट निकालात निघावेत एवढाच त्याचा हेतू होता. पण त्या कारकुनी शिस्तीने कोट्यवधी वंशजांवर उपकार केले. ही कार्डे आज १९३४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

क्रॉकेटच्या नोंदी सांगतात की, तो कॅप्टन फ्रान्सिस जोन्सच्या घोडेस्वार स्वयंसेवकांच्या तुकडीत २४ सप्टेंबर १८१३ रोजी दाखल झाला आणि २४ डिसेंबर १८१३ रोजी मुक्त झाला. तीन महिने, बस्स. आता आत्मचरित्र उघडावे. त्यात १८१४ च्या जानेवारीत झालेल्या इमकफॉ व एनोटाचोपो येथील लढायांचे वर्णन आहे, आणि ते असे की लेखक स्वतः तेथे होता. तसेच उपासमारीने त्रस्त झालेल्या स्वयंसेवकांनी जनरल अँड्र्यू जॅक्सनच्या तोफांसमोरून बेधडक घरचा रस्ता धरला आणि त्यांत आपणही होतो, असेही तो सांगतो. हजेरीपट म्हणतो की जानेवारीत हा गृहस्थ आपल्या घरी होता. आणि इतर पुरावा म्हणतो की जॅक्सनने ते बंड मोडून काढले. जेम्स शॅकफर्ड या अभ्यासकाने १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या क्रॉकेट-चरित्रात ही ताडाताड प्रथम कसोशीने केली. क्रॉकेटने असे का लिहावे, हेही तारखांवरूनच उमगते. पुस्तक १८३४ चे आहे. त्या वेळी जॅक्सन राष्ट्राध्यक्ष होता आणि क्रॉकेट त्याचा उघड विरोधक. मतदारांपुढे मांडावयाचे चित्र असे की, या माणसाने वीस वर्षांपूर्वीही जॅक्सनला भीक घातली नाही. माणूस खोटारडा होता असे मी म्हणणार नाही; इतरांकडून वारंवार ऐकलेली लढाई वीस वर्षांत आपलीच वाटू लागणे हे प्रत्येक जुन्या शिपायाच्या घरी घडते. मात्र आजोबांच्या तोंडची लढाई कागदावर उतरविण्यापूर्वी नातवाने पट पाहिलाच पाहिजे.

जी लढाई त्याने खरोखर पाहिली तिचे वर्णन वेगळेच आहे. ३ नोव्हेंबर १८१३ रोजी जनरल जॉन कॉफीच्या सुमारे नऊशे स्वारांनी टॅलुशाची हे क्रीकांचे गाव दोहों बाजूंनी वेढले. एकशे शहाऐंशी क्रीक योद्धे ठार झाले, चौऱ्याऐंशी बायका-मुले कैद झाली. हल्लेखोरांचे पाच मेले. एका घरात शेहेचाळीस योद्धे शिरलेले क्रॉकेटने मोजले. त्या घराच्या दारात बसलेल्या एका स्त्रीने धनुष्य पायांनी ताणून बाण सोडला, एक शिपाई पडला, आणि मग त्या घराला आग लावून आतील सर्वांना जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी उपाशी सैन्य अन्न शोधीत त्याच गावात परतले. जळक्या घराखालच्या तळघरात बटाट्यांचा साठा सापडला, तो वर जळालेल्या माणसांच्या चरबीत शिजलेला होता, आणि भुकेपुढे इलाज नसल्याने शिपायांनी तो खाल्ला. हे क्रॉकेटने स्वतः लिहून ठेविले आहे. ज्या जागी फुशारकी मारण्याचा मोह होता तेथे तो घसरला. पण जे लपविण्यासारखे होते ते त्याने लपविले नाही, आणि या एका पानासाठी मी त्या पुस्तकाला अस्सल साधनांत जागा देतो. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८१४ मध्ये, फोर्ट जॅक्सनच्या तहाने क्रीकांकडून सुमारे दोन कोटी तीस लाख एकर भूमी काढून घेण्यात आली; त्यात जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही भूमी गेली.

सप्टेंबर १८१४ मध्ये क्रॉकेट पुन्हा दाखल झाला, या वेळी कॅप्टन जॉन कोवनच्या तुकडीत सार्जंट म्हणून, सहा महिन्यांसाठी. तुकडी फ्लोरिडातील पेन्साकोला या गावी पोहोचली तेव्हा जॅक्सनने ते आदल्याच दिवशी घेतले होते. मग फ्लोरिडाच्या दलदलीत उपाशीपोटी भटकणे, एवढीच कामगिरी उरली. नोंदीप्रमाणे त्याची नोकरी २७ मार्च १८१५ पर्यंत चालली. येथे मात्र कागद फसवतो. आत्मचरित्रात तो सांगतो की, मी आधीच घरी परतलो होतो आणि उरलेल्या महिन्याभरासाठी पैसे देऊन एका तरुणाला बदली पाठविले. बदली दिली की पटावर नोकरी मूळ माणसाच्याच नावे चढते. म्हणजे पहिल्या खेपेस पट खरा आणि आठवण चुकीची, तर दुसऱ्या खेपेस आठवण खरी आणि पट नुसता कायदेशीर. दोन्ही समोर ठेवल्याशिवाय माणूस सापडत नाही.

त्याच वर्षी पॉली वारली. तीन लहान मुले मागे राहिली. शेजारीच एलिझाबेथ पॅटन नावाची विधवा होती. तिचा नवरा याच क्रीक युद्धात पडलेला, दोन मुले पदरी, हाताशी थोडी पुंजी आणि अंगी व्यवहारज्ञान. दोघांनी लग्न केले. अशा विधवांचा शोध घेणाऱ्याला पुढे एक मोठेच साधन उपलब्ध होते. १८५० व १८५५ च्या कायद्यांनी जुन्या युद्धांतील शिपायांना व त्यांच्या विधवांना सरकारी जमिनीच्या सनदा देऊ केल्या. पहिल्या कायद्यात नोकरीच्या मुदतीप्रमाणे चाळीस, ऐंशी किंवा एकशे साठ एकर, आणि दुसऱ्यात चौदा दिवसांच्या नोकरीलाही एकशे साठ. अर्जासोबत लग्नाचा पुरावा लागे. कित्येक बायांनी घरच्या बायबलची कोरी पाने, ज्यांवर जन्म, लग्न व मृत्यू टिपलेले असत, ती फाडून वॉशिंग्टनला धाडली. ती आजही त्या दप्तरांत आहेत. १८५० पूर्वीच्या खानेसुमारीत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असे आणि बाकी माणसे नुसते आकडे. त्यामुळे असंख्य स्त्रियांचे नाव प्रथम दिसते ते या फाडलेल्या पानांवर.

क्रॉकेटच्या राजकीय आयुष्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. १८१८ मध्ये काउंटीच्या मिलिशियाचा लेफ्टनंट कर्नल म्हणून तो निवडून आला, म्हणून ‘कर्नल’. युद्धातला त्याचा हुद्दा सार्जंटचा. १८२१ पासून राज्याच्या विधिमंडळात, १८२७ पासून मध्ये एक खंड सोडून वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात. १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा कायदा आला तेव्हा टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी एकट्या क्रॉकेटने विरोधात मत दिले. ज्याच्या आजा-आजींना चेरोकींच्या लढ्यात मरण आले आणि ज्याने टॅलुशाची पाहिले, त्याचे हे मत आहे. १८३५ ची निवडणूक तो दोनशे बावन्न मतांनी हरला आणि नोव्हेंबरात टेक्सासच्या वाटेला लागला.

वाटेत अर्कान्सासमध्ये पैसे संपले. तेव्हा त्याने आयझॅक जोन्स नावाच्या गृहस्थाशी घड्याळाची अदलाबदल केली आणि वर तीस डॉलर घेतले. जानेवारी १८३६ मध्ये नॅकडोचिस येथे मेक्सिकोविरुद्ध उठलेल्या टेक्सासच्या स्वयंसेवकांत दाखल होताना शपथपत्रात ‘पुढे जे सरकार होईल त्याच्याशी’ एकनिष्ठ राहण्याची भाषा होती. क्रॉकेटने ‘प्रजासत्ताक’ हा शब्द सरकारपूर्वी घालावयास लावला आणि मगच सही केली. ती सही हा त्याच्या हयातीतील अखेरच्या कागदांपैकी एक. मेक्सिकन फौजेच्या तेरा दिवसांच्या वेढ्यानंतर ६ मार्च १८३६ रोजी पहाटे, तो जिच्यात होता ती अलामोची गढी पडली. तो झुंजत पडला असे काहींनी सांगितले. होसे एन्रिके दे ला पेन्या या मेक्सिकन अंमलदाराच्या, १९५५ मध्ये छापल्या गेलेल्या वृत्तांतात तो इतर काहींसह जिवंत सापडला व त्याला ठार मारण्यात आले असे आहे. यावरून तिकडे फार हातघाई झाली. शूर माणसाची थोरवी मरणाच्या पद्धतीने वाढते वा घटते असे मला वाटत नाही. मेक्सिकन सेनापती सांता आना याच्या हुकुमाने गढी लढविणाऱ्यांची प्रेते जाळण्यात आली.

बातमी कळल्यावर त्या आयझॅक जोन्सने ते घड्याळ टेनेसीत एलिझाबेथकडे परत पाठविले. टेक्सासच्या सरकारने पडलेल्या स्वयंसेवकांच्या वारसांना जमीन देऊ केली होती; तिच्यावर हक्क सांगण्यासाठी ही बाई साठी उलटल्यावर, १८५० नंतरच्या काळात, मुलगा रॉबर्टला घेऊन टेक्सासच्या तेव्हाच्या सरहद्दीवर राहावयास गेली. चांगल्या जमिनी तोपर्यंत वाटल्या गेल्या होत्या. जे मिळाले तेथे घर बांधून ती राहिली. ३१ जानेवारी १८६० रोजी ती वारली. डेव्हिड क्रॉकेटची कबर कोठेही नाही. एलिझाबेथची ॲक्टन गावच्या स्मशानात आहे; तिच्यावर राज्याने १९१३ मध्ये पुतळा उभारला, डोळ्यांवर हाताची सावली धरून दूरवर पाहणाऱ्या स्त्रीचा. त्या जागेचे क्षेत्रफळ ०.००६ एकर आहे, आणि टेक्सास राज्याच्या ऐतिहासिक स्थळांत ती सर्वांत लहान आहे.